मंजुळाला वर चढवणारा मामा

एका गावात एक भोळा मामा होता. गावाचं नाव कौलारवाडी आणि मामाचं नाव लहानू. नाव लहानू, पण एवढा उंच की दारातून आत येताना वाकावं लागायचं. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. तीच तर पंचाईत होती. सांगितलं ते करायचा, अगदी सांगितलं तस्संच करायचा, आणि भलत्याच ठिकाणी करायचा.

एकदा त्याची बायको हौसा म्हणाली, "अहो, दूध उतू गेलं की मला हाक मारा." लहानू चुलीपाशी बसला. दूध वर आलं. तो बघत राहिला. दूध उतू गेलं. मग त्यानं हाक मारली.

या लहानूची भाची मंजुळा. बहिणीची एकुलती एक लेक. द्राक्षाच्या पॅकिंग शेडमध्ये पेट्या भरता भरता गायची. कुणीतरी तिचं गाणं मोबाईलमध्ये धरलं, ते गावोगाव फिरलं, आणि शहरातल्या एका कंपनीनं तिचा अल्बम काढला. आठ गाण्यांचा. नाव 'गूळ-शेंगा'.

कंपनीचा साहेब म्हणाला, "हे बघ मंजुळा. त्याच शुक्रवारी रोमी दळवीचाही अल्बम येतोय. कुणाचं किती ऐकलं जातं ते ॲपवर आठवडाभर मोजतात. पुढच्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता शेवटची यादी लागते. यादीत पहिली आलीस तर तुझा दुसरा अल्बम काढू. नाही आलीस तर तुझं तू, आमचं आम्ही."

म्हणजे परत शेड आणि परत पेट्या.

रोमी दळवी म्हणजे साधं प्रकरण नव्हे. केस एका बाजूनं निळे. त्याच्या चाहत्यांची पलटण होती. रोमीनं नुसती शिंक सोडली तरी लाखभर लोक ती शिंक दोनदा ऐकायचे.

मंजुळाकडे पलटण नव्हती, पण पाखरं होती. तिचे चाहते स्वतःला 'मंजुळाची पाखरं' म्हणवून घ्यायचे. मिशीवालेही पाखरू, पोटवालेही पाखरू. दूध डेअरीचे चेअरमन खुर्चीत मावायचे नाहीत, तेही पाखरूच. या पाखरांची म्होरकी शालनताई. गावात ब्लाउज शिवायची आणि मोबाईलवरच्या ग्रुपमधून राज्यभरातली पाखरं हाकायची.

अल्बम आला त्या दिवशी शालनताई लहानूकडे आली.

"मामा, भाचीचं काम आहे. दिवसभर गाणं लावायचं."

"कुणाचं?"

"अहो, तिचंच की!"

"कळलं," लहानू म्हणाला.

लहानूला कळलं, की हौसाच्या पोटात गोळा यायचा.

लहानूनं पहिलं गाणं लावलं. संपलं, परत तेच लावलं. पुन्हा तेच. हौसाची लाटणी त्याच ठेक्यावर फिरायला लागली. पोरगा विराज पाढ्यांच्या जागी तेच म्हणायला लागला. संध्याकाळी म्हशीनं धार दिली नाही.

दुसऱ्या दिवशी शालनताईनं त्याचा मोबाईल बघितला आणि कपाळाला हात लावला.

"मामा, एकच गाणं सारखं सारखं लावलं की ॲपवाल्यांना वाटतं, हा माणूस नव्हे, मशीन आहे. ते मोजणीत धरत नाहीत."

"मी तर माणूस आहे."

"ते त्यांना कसं कळणार? म्हणून तेच ते लावायचं नाही. मध्ये मध्ये दुसऱ्याचं घ्यायचं."

"कळलं."

हौसाच्या पोटात गोळा आला.

तो खराच ठरला. दुपारी तिला शिवणाचे कपडे पोचवायचे होते, म्हणून ती म्हणाली, "अहो, शाळा सुटली की पोराला घेऊन या. उन्हाची टोपी घाला. पाणी पाजा. रस्ता ओलांडताना हात सोडू नका."

लहानू गेला. आला. हौसा दारातच वाट बघत उभी. तिनं बघितलं. डोक्यावर टोपी होती. पाणी पाजलेलं होतं. हात घट्ट धरलेला होता. फक्त पोर दुसरंच होतं.

"अगं बाई! हे कुणाचं?"

"गुरवाच्या शैलाचं."

"आणि आपला?"

"आहे की शाळेत. रोज तोच तो आणला तर बाईंना वाटायचं, हा माणूस नव्हे, मशीन आहे. म्हटलं, मध्ये एकदा दुसऱ्याचं घ्यावं."

हौसा तशीच अनवाणी पळाली. विराज शाळेच्या पायरीवर बसून बाईंच्या डब्यातला भडंग खात होता. हौसानं त्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, दोन्ही कान बघितले, बोटं मोजली, मग रडली. रडून झाल्यावर घरी येऊन ती नवऱ्यापुढे उभी राहिली.

"आधी तोंड बघायचं. मग नाव विचारायचं. आपलं असलं तरच जवळ करायचं. आपलं नसलं तर सरळ परत पाठवायचं! कळलं?"

"कळलं."

आता हौसाला स्वतःच सांगितल्याचा पश्चात्ताप झाला, पण तोंडातून शब्द निघून गेला होता.

आठवडी बाजाराच्या दिवशी शालनताईनं लहानूच्या डोक्यावर खोकं दिलं. त्यात 'गूळ-शेंगा'च्या सीड्या होत्या, मंजुळाचा फोटो असलेल्या डबीत घातलेल्या.

"मामा, या विका. एक डबी खपली की यादीवाले ते शेकडो वेळा ऐकल्यासारखं धरतात."

"पण सीडी लावायची कशावर? मशीन कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही. ऐकायला कोण घेतंय? पाखरं देव्हाऱ्याशेजारी ठेवायला घेतात."

लहानू बाजारात बसला. खरंच पाखरांची झुंबड उडाली. पहिला गडी पुढे आला. लहानूनं त्याचं तोंड बघितलं.

"नाव?"

"दिनकर."

"आडनाव?"

"माने. एक डबी द्या."

"आमच्यात माने नाहीत. जा परत."

मग एक बाई आली. दोन एसट्या बदलून आली होती. "मामा, मी मंजुळाचं पाखरू हो! हातावर नाव गोंदलंय बघा."

लहानूनं हात बघितला. तोंड बघितलं. "असाल. पण आपल्या नाही."

असं करता करता बाजार उठला. एकच डबी खपली. ती मंजुळाच्या आईनं घेतली.

शालनताईनं भरलेलं खोकं बघितलं आणि खाली बसली.

"अहो मामा, दारात आलेल्याला नाही म्हणतात का? ओळख असो नसो, मागेल त्याला द्यायचं! मागेल तेवढं द्यायचं! हसून द्यायचं! वर 'पुन्हा या' म्हणायचं!"

"असं होय? हौसानं वेगळं सांगितलं होतं. कळलं."

हौसानं घरात देवापुढे दिवा लावला.

एवढं होऊनही पाखरं हटली नाहीत. राज्यभर गाणी वाजत होती. कुणी दळण दळताना लावली, कुणी म्हशी धुताना. मंजुळा यादीत नवव्या जागेवर होती, ती पाचवर आली, मग दोनवर, आणि बुधवारी सकाळी चक्क एकवर. रोमी लगेच पाठीमागे दोनवर होता. त्याच्या पलटणीच्या तोंडचं पाणी पळालं.

शालनताईला आणखी एक युक्ती सुचली. माणसं रानात जातात, तेव्हा मोबाईल खिशात गप्प पडून राहतो. त्यापेक्षा सगळे मोबाईल समाजमंदिरात आणून ठेवायचे आणि वाजू द्यायचे. गावानं मोबाईल आणून दिले. सतरंजीवर ओळीनं मांडले. कुणावर पहिलं गाणं, कुणावर पाचवं. लांबून ऐकलं तर वाटावं, मधमाश्यांचं मोहोळ उठलंय. राखणीला लहानू.

दुपारी मोटारसायकलवरून तीन पोरं आली. केस एका बाजूनं निळे.

"मामा, मोबाईल पाहिजे होते."

"किती?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. "सगळे."

लहानू हसला. पोतं आणलं. एकेक मोबाईल पुसून पोत्यात भरला. पोतं मोटारसायकलला बांधून दिलं.

"चार्जर पण न्या. तुमच्याकडे नसले तर पंचाईत व्हायची."

एक पोरगं घाबरून म्हणालं, "मामा, खरंच नेऊ?"

"न्या की. पुन्हा या!"

पोरांनी त्या सगळ्या मोबाईलवर रोमी लावला. पण त्यांनाही तो दिवस सुखाचा गेला नाही. कुणाची सासू फोन करत होती, कुणाला सोसायटीचा हप्ता मागत होते, एकीची लेक बाळंत झाली होती ती बातमी यांनाच घ्यावी लागली. फोन उचलून उचलून पोरं बेजार झाली, आणि दिवस मावळायच्या आत खरंच पुन्हा आली. पोतं दारात टाकलं आणि पळाली.

पण व्हायचं ते झालं होतं. मंजुळा एकवरून दोनवर गेली होती.

शालनताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामा, तुमच्या पाया पडते. इथून पुढं सांगितलं तेवढंच धरून बसू नका. देवानं एवढं मोठं डोकं दिलंय, ते जरा चालवा. आपल्या डोळ्यांनी बघा, आपलं आपण ताडा, आणि मग करा!"

लहानूनं डोक्याला हात लावून बघितला. आजवर हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"कळलं," तो म्हणाला.

या वेळी हौसाच्या पोटात जो गोळा आला, तसा आधी कधी आला नव्हता.

गुरुवारी पाखरांनी जिवाचं रान केलं. मोबाईल गरम झाले म्हणून माठावर ठेवून वाजवले. शुक्रवारी सकाळी शालनताईनं यादी उघडली आणि किंचाळली. मंजुळा परत एकवर! रोमी दोनवर! फरक अगदी थोडा, पण बारा वाजायला तासभरच उरला होता. मंजुळा शहरातून निघाली होती. सगळा गाव हलगी आणि गुलाल घेऊन तिला आणायला फाट्यावर निघाला. मोबाईल मात्र समाजमंदिरातच वाजत ठेवले, शालनताईचासुद्धा.

राखणीला लहानूच होता. त्याला काय सांगावं, म्हणून शालनताई दारात घुटमळली. काहीही सांगितलं तरी भलतंच होणार. मग तिनं काहीच सांगितलं नाही. नुसते हात जोडले आणि गेली.

लहानू एकटा उरला. सोबतीला डोकं.

त्यानं शालनताईच्या मोबाईलवर यादी बघितली. मंजुळा, एक. रोमी, दोन.

लहानू चपापला. डेअरीत दुधाचा आकडा मोठा लागला की दूध चांगलं. एक घागर पाणी देणाऱ्या विहिरीपेक्षा दोन घागरी देणारी चांगली. मग आपली पोरगी एकवर आणि तो निळ्या केसांचा दोनवर? त्यानं यादी बोटानं खाली सरकवली. तीन, चार, दहा, पन्नास. अगदी तळाला कुणी खंडू बँडवाला होता. त्याचा आकडा शंभर! लहानूनं त्याला मनोमन हात जोडले.

आता त्यानं डोकं चालवलं. मंजुळा नऊवर होती. सगळे तिचं ऐकत सुटले, आणि नवाचे पाच झाले, पाचाचे दोन, दोनाचा एक. जेवढं ऐकावं तेवढी पोर घसरतेय! आकडा वाढला तो एकदाच. बुधवारी. त्या दिवशी पोरांनी काय लावलं होतं? रोमी.

लहानू ताडकन उठला. "आणि हे एवढ्या शिकलेल्या लोकांना दिसू नये!"

त्यानं एकेक मोबाईल उचलला आणि एकेकावर रोमी लावला. पण एका गावानं काय होणार? पाखरं तर राज्यभर आहेत. त्यानं शालनताईच्या मोबाईलवर ग्रुप उघडला, माइकचं चित्र दाबून धरलं आणि बोलला.

"पाखरांनो, मी मंजुळाचा मामा. ताईंच्या फोनवरून बोलतोय. सगळ्यांनी मंजुळाचं बंद करा. बारापर्यंत रोमीचं लावा. पोरीच्या भल्याचं आहे."

टिंग टिंग टिंग टिंग. उत्तरं येत राहिली. 'लावलं मामा.' 'आमच्या घरात सगळ्यांनी लावलं.' नांदेडचं एक पाखरू बोललं, 'ताईंचा काहीतरी जबरदस्त डाव असणार! लावा रे!' नगरच्यानं लिहिलं, 'आमच्या आजींनापण लावून दिलंय.' हजारो पाखरं होती. शिकलेली होती, नोकरीवाली होती. 'का?' म्हणून एकानंही विचारलं नाही.

बारा वाजले. हलगी वाजवत गाव आला. मध्ये मंजुळा, गळ्यात झेंडूचा हार. शालनताई पुढे पळाली आणि मोबाईल उचलला.

रोमी, एक. मंजुळा, दोन.

हलगी थांबली. तेवढ्यात साहेबाचा फोनही येऊन गेला. "थोडक्यात गेलं, मंजुळा. ठरल्याप्रमाणे आता तुझं तू, आमचं आम्ही."

आणि आतून लहानू नाचत बाहेर आला. ओंजळभर गुलाल त्यानं स्वतःच्याच डोक्यावर टाकला होता.

"एकाचे दोन केले! एकट्यानं! डोकं चालवून!"

त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. शालनताई भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. हौसानं पदर तोंडावर घेतला.

मंजुळा समाजमंदिराच्या पायरीवर बसली. तिनं मान खाली घातली. खांदे हलायला लागले. बायका धावल्या, "रडू नको बाई, रडू नको." जवळ जाऊन बघतात तर पोरगी हसत होती. हसून हसून हार तुटला, झेंडू पायरीवरून गडगडत गेले.

"कंपनी गेली उडत," ती डोळे पुसत म्हणाली. "दुसरा अल्बम मी शेडमध्ये पेट्या बडवून काढीन. पण मामा... अहो मामा..." आणि पुढे तिला बोलताच येईना.

लहानूनं तिच्या डोळ्यांतलं पाणी बघितलं. त्याचा जीव तुटला. पोरीला दोन कमी वाटले असणार. तो तिच्याशेजारी बसला आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नकोस पोरी. आज वेळ कमी पडला, म्हणून दोनवर भागवलं. पण आता सगळी पाखरं माझं ऐकतात. पुढच्या शुक्रवारपर्यंत तुला शंभरावर नेतो, त्या खंडू बँडवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसवतो!"