काकूचे हात गारेगार

थंडी पडली होती. अशी थंडी, की गाईच्या नाकातून वाफ, म्हशीच्या नाकातून वाफ, आणि "हा" म्हटलं की आपल्याही तोंडातून वाफ!

सगुणाकाकूच्या दारात एक फटफटी. फटफटीला दोन कॅन, एक इकडे, एक तिकडे. आणि फटफटीवर कोण बसलंय बरं? इवलीशी खार! शेपटी झुपकेदार, म्हणून नाव झुपकी.

रोज सकाळी काकू दूध काढायची. कॅन भरायची. हातमोजे घालायची. झुपकीला दोन शेंगदाणे द्यायची. आणि निघायची. कुठे? अंगणवाडीला!

फट् फट् फट् फट्!

अंगणवाडीत वीस मुलं. वीस पेले. काकूच्या दुधाची वाट बघत बसायची.

आज काय झालं, काकूने हातमोजे हँडलवर ठेवले. शेंगदाणे आणायला ती घरात गेली. शेंगदाणे म्हटल्यावर झुपकीला धीर कुठला! तिने मारली उडी. टुण्णकन! आणि हातमोजे? ते पडले गुरांच्या हौदात.

डुबुक! डुबुक!

काकू बाहेर आली. "अगं बाई! झाले का ओले?"

हातमोजे ओलेचिंब. पाणी थंडगार. झुपकीने शेपटीत तोंड लपवलं.

"जाऊ दे गं," काकू म्हणाली. "मुद्दाम थोडेच पाडलेस!" तिने झुपकीला शेंगदाणे दिले. पण झुपकीने ते तसेच बाजूला ठेवले.

मग काकूने काय केलं? काकांचे पायमोजे हातात घातले. आता मला सांगा, पायमोज्यांना बोटं असतात का? नसतात! क्लच दाबायला गेली, हात सुळकन घसरला. ब्रेक दाबायला गेली, हात सुळकन घसरला. काकू स्वतःच हसली. पायमोजे काढले आणि उघड्या हातांनी हँडल धरलं.

अई गं! हँडल नुसतं चावत होतं. बोटं लाल झाली. बोटं ताठ झाली. क्लच दाबेना. ब्रेक दाबेना.

काकूचं हसू गेलं. "अंगणवाडी लांब. कॅन जड. आता पोरांना दूध कोण देणार?" म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

झुपकीने ते पाहिलं. तिला फार फार वाईट वाटलं. "माझ्यामुळे झालं," ती मनाशी म्हणाली. "मीच काहीतरी करते."

बाळाच्या डोक्याला टोपडं घालतात ना? तसं हँडललाच टोपडं घातलं तर? एका हँडलला एक, दुसऱ्याला एक. हात आत, थंडी बाहेर!

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली शिंप्याकडे. शिंप्याचं मशीन चाललं होतं. खटाखट खटाखट.

"शिंपीदादा, शिंपीदादा,
दोन टोपडी शिवा ना!
काकूचे हात गारेगार,
फटफटी दारात गप्पगार."

शिंप्याने चष्मा वर केला. "शिवतो की! कापड आहे, दोरा आहे. पण नुसत्या कापडाची ऊब ती केवढी? आत भरायला लोकर आण. लोकर नाही, तर टोपडी नाहीत!"

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली मेंढीकडे. मेंढी कुंपणापाशी उभी होती. अंगावर लोकरच लोकर!

"मेंढीमावशी, मेंढीमावशी,
थोडी लोकर दे ना!
शिंपी टोपडी शिवेना,
काकूचे हात गारेगार,
फटफटी दारात गप्पगार."

"बँऽऽ! देते की," मेंढी म्हणाली. "लोकरीला काय तोटा? पण माझ्या पोटात कावळे ओरडतायत."

झुपकीने मेंढीच्या पोटाला कान लावला. गुरगुर गुरगुर. कावळा काही दिसला नाही, पण भूक मात्र खरी होती.

"मला बोरं आण," मेंढी म्हणाली. "बोरं नाहीत, तर लोकर नाही!"

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली बोरीच्या झाडाकडे. बोरं कशी? लालचुटुक! बघूनच तोंडाला पाणी सुटलं.

"बोरीआजी, बोरीआजी,
चार बोरं पाड ना!
मेंढी लोकर देईना,
शिंपी टोपडी शिवेना,
काकूचे हात गारेगार,
फटफटी दारात गप्पगार."

"पाडते की गं बाळे," बोरी म्हणाली. "पण म्हातारीच्या फांद्या या. थंडीने आखडल्यात. हलतच नाहीत."

"मग मीच चढते," झुपकी म्हणाली आणि वर चढायला गेली. टुच्! काटा टोचला. खाली आली.

"तुझं काम नाही ते," बोरी म्हणाली. "वाऱ्याला बोलाव. तो मला गदागदा हलवेल. वारा नाही, तर बोरं नाहीत!"

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली ओढ्याकाठी. तिथे वारा अंगाचं मुटकुळं करून निजला होता.

"वारेदादा, वारेदादा,
फांदी जरा हलव ना!
बोरी बोरं पाडेना,
मेंढी लोकर देईना,
शिंपी टोपडी शिवेना,
काकूचे हात गारेगार,
फटफटी दारात गप्पगार."

"सूंऽऽ सूंऽऽ," वारा म्हणाला. "हलवतो की! पण केवढं हे धुकं! मला काहीसुद्धा दिसत नाही. निघालो आणि कुणाच्या दारावर आपटलो तर? आधी सूर्याला उठव. ऊन नाही, तर वारा नाही!"

झुपकी दमली होती. पण थांबली का? नाही!

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. चढली टेकडीवर. टेकडीच्या पलीकडे सूर्य धुक्याची दुलई घेऊन घोरत होता. घुर्रर्र... घुर्रर्र...

"सूर्यआजोबा, सूर्यआजोबा,
डोळे जरा उघडा ना!
वारा फांदी हलवेना,
बोरी बोरं पाडेना,
मेंढी लोकर देईना,
शिंपी टोपडी शिवेना,
काकूचे हात गारेगार,
फटफटी दारात गप्पगार."

"काय गं हे? मध्यरात्रीच उठवतेस?" सूर्य दुलईतूनच म्हणाला.

"मध्यरात्र कुठली आजोबा! केव्हाच सकाळ झाली. कोंबडासुद्धा आरवला."

"कोंबड्याचं नको सांगूस. तो काय, दुपारीही आरवतो! मी उठतो ते काकूच्या फटफटीवर. फट् फट् फट् फट् ऐकू आलं, की मला कळतं, सकाळ झाली. आज कुठे ऐकू आलं? फटफट नाही, तर ऊन नाही!"

आणि सूर्याने दुलई डोक्यावरून ओढून घेतली. घुर्रर्र...

झाली का पंचाईत! हातांना ऊब नाही, म्हणून फटफटी नाही. फटफटी नाही, म्हणून ऊन नाही. ऊन नाही, म्हणून ऊब नाही! झुपकीला आता पुढे जायला कुणी उरलंच नाही.

ती हळूहळू टेकडी उतरली. तुरु... तुरु... तुरु...

टेकडीखाली होती अंगणवाडी. दारात मुलं बसली होती. डोक्याला कानटोप्या, हातात रिकामे पेले.

"काकू का नाही आली?" मुलांनी विचारलं.

झुपकीला हुंदका आला. ती म्हणाली,

"सूर्य डोळे उघडेना,
वारा फांदी हलवेना,
बोरी बोरं पाडेना,
मेंढी लोकर देईना,
शिंपी टोपडी शिवेना,
काकूचे हात गारेगार,
फटफटी दारात गप्पगार."

मुलांनी पेले खाली ठेवले.

मग सगळ्यात छोटी छबू उठली. तिचं नाक गळत होतं. तिने ते बाहीला पुसलं आणि म्हणाली, "माझ्याकडे आहे फटफटी."

"कुठे आहे?"

"तोंडात!"

आणि छबूने गाल फुगवले. "फट्!"

शेजारचा इरफान म्हणाला, "फट् फट्!"

मग दोघं, मग चौघं, मग वीस! अंगणवाडीच्या ताईंनीही पदर खोचला आणि गाल फुगवले. झुपकीही लागली. पण सूर्य लांब होता हो. अजून थोडा आवाज हवा होता. एक फटफटी कमी पडत होती.

तुझ्याकडे आहे का रे फटफटी? तोंडात? मग काढ की बाहेर! फुगव गाल. जोरात हं!

फट् फट् फट् फट्!
फट् फट् फट् फट्!

सूर्याने एक डोळा उघडला. "अरेच्चा! काकू निघाली की!" त्याने दुसरा डोळा उघडला. दुलई फेकली. धुकं पळालं. लख्ख ऊन पडलं!

ऊन पडलं, वाऱ्याला दिसलं. वारा उठला. सूंऽऽ सूंऽऽ!

वारा उठला, त्याने फांदी हलवली. गदागदा गदागदा!

फांदी हलली, बोरीने बोरं पाडली. टप टप टपाटप! झुपकी धावत बोरीखाली आली, तर एक बोर तिच्या डोक्यावरच पडलं. "चिक्!" म्हणाली ती, आणि गोळा करायला लागली.

बोरं मिळाली, मेंढीने खाल्ली. मचक मचक मचक. "आहाहा!" म्हणाली. "घे बाई लोकर. हवी तेवढी घे."

लोकर मिळाली, शिंप्याने चष्मा खाली केला. खटाखट खटाखट खटाखट खट! दोन टोपडी तयार. बाहेरून निळी, आतून मऊ मऊ. शिंपी स्वतः आला आणि त्याने ती हँडलला बांधली. एक इकडे, एक तिकडे.

काकूने डावा हात आत घातला. काकूने उजवा हात आत घातला. डोळे मिटले.

"आहा! काय ऊब आहे हो!" काकू म्हणाली. "बोटं हलायला लागली!"

क्लच दाबला. दाबला गेला! ब्रेक दाबला. दाबला गेला! काकूने किक मारली, आणि फटफटी बोलायला लागली.

फट् फट् फट् फट्!

"शिंपीदादा, तुमचे उपकार झाले," काकू म्हणाली. "आता मला सांगा, हे सगळं केलं कुणी?"

"मी नुसती टीप मारली," शिंपी म्हणाला. "लोकर मेंढीची."

काकू मेंढीपाशी थांबली. "मेंढीबाई, उपकार झाले."

"बँऽऽ! बोरं तर बोरीची."

काकू बोरीपाशी थांबली. "आजी, उपकार झाले."

"मला तर वाऱ्याने हलवलं."

वारा काकूच्या मागेमागेच येत होता. तिने मान वळवली. "वाऱ्या, उपकार झाले बरं का." वारा लाजला आणि हळू वाहू लागला. "मला आजोबांनी वाट दाखवली," तो म्हणाला.

काकूने फटफटी थांबवली. टोपड्यांतून हात काढले. सूर्याला हात जोडले.

"मला नको," सूर्य म्हणाला. "मला मुलांनी उठवलं."

अंगणवाडी आली. वीस पेले पुढे आले. काकूने वीस पेले भरले. मुलं घट् घट् दूध प्यायली. वीस मिशा उमटल्या, पांढऱ्या पांढऱ्या!

"पोरांनो, तुमचे उपकार झाले," काकू म्हणाली.

"पण आमच्याकडे झुपकी आली होती," छबू म्हणाली. "ती सगळ्यांकडे गेली होती. एकटी!"

काकूने इकडेतिकडे बघितलं. झुपकी कुठे होती? फटफटीमागे पळत येऊन पायरीच्या कोपऱ्यात बसली होती. छबूने तिला डब्याच्या झाकणात दूध दिलं होतं. पण झुपकीला झाकण धरता येईना. धरलं, की सुटायचं. धरलं, की सुटायचं. दवातून पळून पळून तिचेच पंजे गारठून गेले होते. आणि हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अगं माझे बाई!" काकू म्हणाली. ती पायरीवर बसली. तिने झुपकीला मांडीवर घेतलं. झुपकीचे इवले इवले पंजे आपल्या हातांत धरले. काकूचे हात गरम होते. अगदी गरम गरम.

"माझ्या हातांसाठी गावभर पळालीस होय गं?" काकू म्हणाली. "मग या हातांची पहिली ऊब तुझी."

झुपकीने डोळे मिटून घेतले. पंजे पुरते गरम होईपर्यंत काकूने ते सोडले नाहीत.