शेंडा किती उंच

फार मागे, माणसाला मतपेटी ठाऊक नव्हती तेव्हा, एका चिंचेवर खारींचा पक्ष नांदत होता. रानाच्या अध्यक्षपदासाठी पक्षाने एकच उमेदवार द्यायचा असे. तो निवडायची रीत सोपी होती. सगळ्यांनी आपापल्या ढोलीतून पळत सुटायचं, शेंड्याला जो पहिला पोहोचेल तो उमेदवार.

बुंध्याच्या ढोलीतली टिपरी भारी चपळ. पण दर वेळी ती धापा टाकत वर पोहोचे, तेव्हा शेंड्याखालीच राहणारे गोंडेराव गळ्यात हार घालून बसलेले असत. आपलेच पाय कमी पडतात, असं बिचारीला वाटे.

"नियम सगळ्यांना सारखाच आहे हो," पंच शेपटेआजोबा तिची समजूत काढत.

यंदा मात्र टिपरी हसून म्हणाली, "आजोबा, नियम तोच राहू द्या. फक्त शेंड्याऐवजी बुंध्याशी पोहोचायचं."

"वा गं वा!" गोंडेराव उसळले. "तू तर तिथेच राहतेस! ही कसली शर्यत?"

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बघता बघता सगळी चिंच खदाखदा हसू लागली.

आजोबांनी मिशीतल्या मिशीत हसत सगळ्यांना बुंध्याशी एका ओळीत उभं केलं. टिपरीशेजारी उभ्या गोंडेरावांनी मान वर केली आणि ते पुटपुटले, "बाप रे! शेंडा एवढा उंच असतो होय?"