पितळी पळी आणि डाळिंबी मोटार

दसऱ्याचा दिवस उजाडला, तरी कुंभेरी संस्थानच्या भुजंगराव महाराजांची मोटार काही चालू होईना. बटण दाबलं की पुढचे दिवे डोळे मिटायचे, आतून एकदा 'टक' असा आवाज यायचा आणि सगळं गार. ड्रायव्हर बाबालालनं बॅटरी बदलून पाहिली, एकूणएक वायर चाचपली, पिराला नवसही बोलून झाला. मोटार ढिम्म.

एरवी महाराज हत्तीवरून निघाले असते. पण संध्याकाळी हद्दीवर सोनं लुटायला शेजारचे राजेसाहेब येणार होते, आणि यंदा सीमोल्लंघन मोटारीतून करणार असं महाराज त्यांना दोनदा कळवून बसले होते. त्यासाठीच तर वीस वर्षांच्या त्या जुन्या गाडीला नवाकोरा डाळिंबी रंग दिला होता. रंग वाळल्यापासून महाराज दिवसातून चार वेळा गाडीभोवती फिरायचे आणि माशी बसली तरी स्वतः रुमालानं हाकलायचे.

त्यांनी बाबालालला बोलावून हुकूम सोडला. दुपारपर्यंत गाडी चालू झाली नाही, तर त्यानं बिऱ्हाड उचलायचं. आणि दुरुस्ती करताना रंगाला धक्का लागता कामा नये.

"एक ओरखडा जरी उठला," महाराज म्हणाले, "तर उठवणारा दिवस मावळायच्या आत संस्थानच्या हद्दीबाहेर. मग तो कोणीही असो. आमचा शब्द मागे फिरत नाही!"

बाबालाल मुदपाकखान्यामागच्या अंगणात गेला आणि डोक्याला हात लावून बसला. तिथं त्याची बायको जैतून कल्हईची भट्टी पेटवून बसली होती. कल्हईवाल्याचीच लेक ती. सणाच्या पंगतीसाठी वाड्यातली पातेली सकाळपासून घासून घासून तिचे हात काळे झाले होते. नवऱ्यानं तिला सगळं सांगितलं. तिचं माहेर याच गावात, भट्टी याच गावात, चार गिऱ्हाइकं याच गावात. बाहेर जाऊन खायचं काय?

पण रडण्याआधी विचारून घ्यावं, असा तिचा स्वभाव. गाडी शेवटची कधी चालू झाली होती, असं तिनं विचारलं. रंगाला देण्याआधी, बाबालाल म्हणाला. मग रंगवताना काय काय सोडवलं होतं? फार काही नाही. बॅटरीची एक जाड वायर गाडीच्या सांगाड्याला बोल्टानं आवळलेली असते, तेवढी रंगाऱ्यानं काढली होती. महाराजांनी त्याला बजावलं होतं की बोटभर जागासुद्धा रंगावाचून राहता कामा नये. मग त्यानं बोल्टाखालची जागाही रंगवली आणि वायर होती तिथं पुन्हा आवळली.

जैतूनचा हात पातेल्यावरच थांबला. "अहो, काजळीवर कधी कल्हई चढते का? धातू उघडा पडल्याशिवाय धातूला धातू धरत नाही. तुमची वीज त्या रंगाशी येऊन अडलीय."

बाबालाल उडी मारून उठला आणि तितक्याच झटकन खाली बसला. रंग खरवडायचा म्हणजे ओरखडा, आणि ओरखडा म्हणजे हद्दपारी. जैतून मात्र पदर खोचून मुदपाकखान्यात गेली आणि आमटी वाढायची हातभर लांब पितळी पळी मागून घेतली. ती तिनं चिंचेनं अशी लखलखीत घासली की आचारी बघत राहिला.

दुपारी महाराज, कारभारी आणि निम्मा वाडा मोटारीभोवती जमला. हातात पळी घेतलेली बाई पाहून कारभाऱ्यांनी विचारलं, गाडीला आमटी पाजणार की काय? जैतूननं तिकडे लक्षच दिलं नाही. तिनं नवऱ्याला स्टिअरिंगमागे बसवलं, हाताला फडकं गुंडाळलं आणि पळीचं एक टोक बॅटरीच्या त्या वायरीच्या तोंडाशी, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाशी घट्ट दाबून धरलं.

"दाबा आता."

बाबालालनं बटण दाबलं. एक ठिणगी उडाली, मोटार खोकली, थरथरली आणि फुरफुरत चालू झाली. आचारी टाळ्या पिटायला लागला.

महाराज इतके खूश झाले की काही क्षण रंगसुद्धा विसरले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "म्हणजे आम्ही राजेसाहेबांसमोर पोटात पळी घातलेली गाडी घेऊन जायचं?"

"पळी कायमची नको, सरकार," जैतून म्हणाली. "बोल्टाखालचा रुपयाएवढा रंग खरवडला की झालं. वरून दिसायचंसुद्धा नाही. पण गाडीनं तरी काय करावं? बोटभर जागा उघडी ठेवायची नाही हा सरकारांचाच हुकूम, आणि ओरखडा नको हाही सरकारांचाच. बिचारी दोन्ही पाळत बसली होती."

महाराजांच्या मिशा थरथरल्या. "बोललीस ते खरं. पण आमचा शब्द मागे फिरत नाही. रंग खरवडेल तो दिवस मावळायच्या आत हद्दीबाहेर जाणारच. आता सांग, कोण खरवडणार?"

"सरकारांनी स्वतः खरवडावा," जैतून शांतपणे म्हणाली. "आज दसरा. दिवस मावळायच्या आत सरकार हद्दीबाहेर जाणारच आहेत."

महाराजांनी एकदा मोटारीकडे पाहिलं, एकदा हद्दीच्या दिशेनं पाहिलं.

"आणि परत? हद्दपार माणसाला परत कोण येऊ देतं?"

"ते तर सरकारच ठरवतात!"

महाराज असे खदखदून हसले की फेटा सुटून खांद्यावर आला. त्याच फेट्यानं डोळे पुसत त्यांनी कमरेची कट्यार उपसली, बाह्या सारल्या आणि वाकून आपल्या लाडक्या मोटारीचा रुपयाएवढा रंग स्वतःच्या हातानं खरवडला. बाबालालनं बोल्ट आवळला. गाडी पहिल्या बटणाला चालू झाली.

जैतूनला त्यांनी हातातलं सोन्याचं कडं दिलं आणि वाड्यातल्या कल्हईचं काम कायमचं तिच्या नावे करून टाकलं. संध्याकाळी डाळिंबी मोटार हद्दीकडे निघाली तेव्हा स्टिअरिंगमागे बाबालाल होता, शेजारी जैतून होती, आणि मागे बसलेले भुजंगराव महाराज वाटेत भेटेल त्याला मोठ्या आनंदानं सांगत होते, की आम्हाला आज हद्दपार केलंय.