दान्याची पेटी

"मग हा बिल्ला कोणाकडे देऊ, फादर?"

फादर मकासरे व्हरांड्यात चिंचा फोडत बसले होते. पुढ्यात गोणपाट, हातात दगड. त्यांनी मान वर केली नाही.

"कसला बिल्ला?"

"कॅप्टनचा. मला नको आहे तो."

ठक. एक चिंचोका बाजूला पडला. ठक.

क्लेमेंट भोसले आमच्या बोर्डिंगचा कॅप्टन. सकाळच्या प्रार्थनेपासून संध्याकाळच्या जेवणाच्या पंगतीपर्यंत सगळी पोरं त्याच्या शब्दावर चालायची. उंचापुरा, आवाज खणखणीत, आणि तो तसा आहे हे त्याला चांगलं ठाऊक. कॅप्टन म्हणजे सगळ्यांचा सेवक, असं बिल्ला लावताना दर वर्षी सांगतात. दर वर्षीचा कॅप्टन मान खाली घालून ते ऐकतो आणि दुसऱ्या दिवसापासून हुकूम सोडायला लागतो. क्लेमेंट त्यातल्या त्यात बरा होता, हे कबूल करायला हवं.

फादर मकासरे एके काळी याच शाळेचे मुख्याध्यापक. आता शाळा तरुण फादरांच्या हाती गेली होती. म्हाताऱ्याकडे उरली होती बाग, चिंचेची झाडं, आणि ज्याला कुणाला बोलायचं असेल त्याचं ऐकून घेणं.

"का नको?"

"मी लायक नाही."

"हे कधी कळलं?"

"दान्या गेला तेव्हा."

दगड थांबला.

दान्या म्हणजे दानिएल ठोंबरे, सहावीतला. ईस्टरनंतरच्या आठवड्यात धनुर्वाताने गेला. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथे त्याचा जबडा पुरता मिटला. त्याला त्याच्या गावी नेऊन पुरलं. आज त्याचा बाप याकोब त्याची पेटी न्यायला येणार होता.

"त्याचा पाय मी पाहिला होता, फादर," क्लेमेंट म्हणाला. "पवित्र गुरुवारी."

...

आमच्याकडची रीत अशी. येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, बारा जणांचे पाय धुतात, ते सगळीकडेच. पण आमच्या शाळेत ते फादर धुवत नाहीत. बोर्डिंगचा कॅप्टन गुडघ्यावर बसतो आणि लहान वर्गांतल्या बारा पोरांचे पाय धुतो. कुणा जुन्या फादरांनी ही रीत घालून दिली. पोरांच्या घरचे लोक ते पाहायला लांबलांबून येतात.

यंदा बिशप येणार होते. क्लेमेंटने तयारी जोरात केली. बारा पोरं त्यानेच निवडली. दुपारी त्यांना हौदावर बसवलं, एकेकाच्या हातात वजरी दिली आणि टाचा घासून घ्यायला लावल्या. वेदीसमोर मळके पाय कसे दाखवायचे? बिशप काय म्हणतील? पाय धुवायचे म्हणून आधी पाय धुऊन आणायचे, यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. खरं सांगायचं तर दर वर्षी असंच चालत आलं होतं.

त्या बारांत दान्या होता.

"त्याने पायाला चिंधी गुंडाळली होती," क्लेमेंट सांगत होता. "मी सोडायला लावली. बाभळीचा काटा गेला होता. तळवा सुजलेला, पू झालेला. वास येत होता..."

"मग?"

"मी म्हटलं, तू राहू दे. वर जाऊन झोप. त्याच्या जागी सातवीतल्या विल्सनला बसवलं."

"सिस्टरांचा दवाखाना हौदापासून किती लांब आहे?"

क्लेमेंटने मान वळवून पाहिलं. दवाखाना व्हरांड्यातूनही दिसत होता. मधे फक्त खेळाचं मैदान.

"माझ्या मनात ते आलंच नाही, फादर. मनात एवढंच आलं, बरं झालं वेळेवर दिसलं. नाहीतर बिशपसमोर..."





"मी त्या दिवशी वेदीपाशीच होतो," फादर म्हणाले. "खुर्चीवर दान्याऐवजी दुसरंच पोर बसलंय, हे मलाही दिसलं. वाटलं, मागून विचारू."

"विचारलंत?"

"नाही."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. ते त्यांनी पुसले नाहीत, लपवलेही नाहीत.

...

"माझं पापनिवेदन ऐका, फादर. आत्ता."

"ऐकेन. संध्याकाळी ये."

"आत्ता का नाही?"

फादरांनी दुसरंच विचारलं.

"जेवत नाहीस म्हणे."

"एक वेळ जेवतो."

"संडास धुतोस रोज. ती पाळी लहान मुलांची ना?"

"हो. मी त्यांना सांगितलं, आता मीच धुणार."

"आणि जमिनीवर झोपतोस."

"हो."

"कुणी सांगितलं हे सगळं करायला?"

"कुणी नाही. मीच..."

"पोरं बघत असतील."

क्लेमेंट घुटमळला. "बघतात."

"काय म्हणतात?"

त्याची मान खाली गेली. कान लाल झाले. तो चिंचोक्यांकडे बघत राहिला.

"म्हणतात... असा कॅप्टन आजवर झाला नाही."

फादर हसले नाहीत. कुणी दुसरा असता तर हसला असता.

"तुला ते ऐकून कसं वाटतं?"

"बरं वाटतं," क्लेमेंट म्हणाला आणि रडायला लागला. चार लोकांत कधी न रडलेला तो उंचापुरा पोरगा व्हरांड्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. "त्यातही बरं वाटतं, फादर. म्हणून म्हणतो, हा बिल्ला घ्या माझ्याकडून. मला घरी पाठवा. त्याचा बाप यायच्या आत पाठवा."

"बिल्ला काढलास की तू कोण?"

"कुणीच नाही."

"आणि कुणीच नाही तो याकोबला काय सांगणार?"

क्लेमेंट चमकला.

"सांगायचं? त्यांना?"

फादरांनी एक चिंच उचलली, परत ठेवून दिली.

"बोर्डिंग सोडून जाणाऱ्या मुलाची पेटी फाटकापर्यंत कोण पोचवतं?"

"कॅप्टन."

"मग लाव तो बिल्ला. दान्या बोर्डिंग सोडून चाललाय."

...

फाटकाची कडी वाजली.

याकोब ठोंबरे एकटाच आला होता. काटकुळा माणूस, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, वहाणा हातात. एसटीच्या फाट्यापासून पायी आला असणार. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने पांढरे झाले होते. व्हरांड्याशी आल्यावर त्याने वहाणा पायरीखाली नीट जुळवून ठेवल्या.

"येशूला महिमा, फादर."

"सर्वकाळ महिमा. बस, याकोब."

तो वरच्या पायरीवर टेकला. फादर क्लेमेंटला म्हणाले, "उन्हातून आलाय. पाय धुवायला पाणी दे."

आल्यागेल्याला पाणी देतात, तसंच. क्लेमेंटने बादली भरून आणली, वर तांब्या ठेवला. याकोबने तांब्या हातात घेतला आणि तसाच धरून क्लेमेंटच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं.

"तुमीच का कॅप्टन?"

"हो."

"म्हंजी किलेमेंट?"

"हो."

"लई बोलायचा तुमच्याविषयी," याकोब म्हणाला. त्याचा चेहरा जरा निवळला. "गुरुवारी आमी दोघं आलतो. त्याची आय आन मी. पोराचं पाय धुत्यात म्हनून कामाचा खाडा करून आलतो. बघतो तं खुर्चीवर दुसराच. तिला लई वाईट वाटलं. मिस्सा झाल्यावर वर गेलो, तं ह्यो खाटंवर. म्हनला, आई, कॅप्टननी मला झोपायला सांगितलं. पाय दुखतोय ना, तं उभं ऱ्हाऊ नगं म्हनले. बाकीच्यांना उन्हात हौदावर बशीवलं आन मला वर धाडलं."



"आमी चिंधी सोडून नाय बघितली," याकोब म्हणाला. "वाटलं, ठेस लागली आसंल. मोठ्यांनी बघितलंय तं आपून काय बघायचं. तालुक्याच्या दवाखान्यात बी, दात बसायच्या आदी, तेच म्हनत व्हता. कॅप्टन चांगला हाय. त्याची आय आता तेवढंच धरून हाय. म्हन्ती, परक्या ठिकानी माझ्या लेकराकडं कुनीतरी बघितलं."

...

क्लेमेंटने वळून फादरांकडे पाहिलं.

त्या पाहण्यात सगळं होतं. आता काय करू? हे एवढंच त्यांच्याकडे उरलंय, तेही काढून घेऊ? की गप्प बसू? गप्प बसणं केवढं सोपं, आणि केवढं चांगुलपणाचं दिसलं असतं. फादरांनी नुसती मान हलवली असती तरी तो त्या मानेच्या आधाराने आयुष्यभर गप्प राहिला असता.

फादरांनी दगड उचलला आणि खाली बघून चिंचा फोडायला लागले.

ठक.

ठक.

"बाबा," क्लेमेंट म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "मी त्याला बरं वाटावं म्हणून वर नव्हतं पाठवलं."

याकोबने तांब्या बादलीत बुडवला होता. तो तसाच राहिला.

"त्याचा पाय सडत होता, तो मी पाहिला. चिंधी मीच सोडायला लावली. सिस्टरांकडे न्यायला हवं होतं, तो समोर दवाखाना आहे. मी नेलं नाही. पाय घाण दिसतो, बिशपना दिसायला नको, म्हणून त्याला वर लपवलं. नंतरही कधी विचारलं नाही. ईस्टरच्या गडबडीत मी त्याला विसरूनच गेलो."



मैदानापलीकडे पोरं कवायत करत होती. मास्तरांची शिट्टी वाजली, थांबली. चिंचा फोडण्याचा आवाजही थांबला होता.

याकोबने दवाखान्याकडे पाहिलं. मग मैदानाकडे पाहिलं, मग पुन्हा दवाखान्याकडे. मधलं अंतर डोळ्यांनी तो परतपरत चालून बघत होता. क्लेमेंट त्याच्यासमोर उभा होता, पळून जावंसं वाटत असताना उभा होता.

"त्याच्या आयला म्या काय सांगू?" याकोब शेवटी म्हणाला.



याकोबने तांब्या भरला. स्वतःच्या पायावर ओतायला वाकला आणि मधेच थांबला. पाणी पायरीवर सांडत होतं.

मग त्याने तांब्या क्लेमेंटसमोर धरला.

क्लेमेंटला कळेना. त्याने तांब्या घेतला.

याकोबने उजवा पाय पुढे केला.

क्लेमेंट पायरीखाली धुळीत बसला. त्याने पाणी ओतलं. टाचेला भेगा होत्या, खोल, काळ्या पडलेल्या. त्यांतली माती त्याने बोटाने हळूहळू काढली. मग याकोबने डावा पाय पुढे केला. पाय धुऊन होईपर्यंत तो वर छपराकडे बघत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. क्लेमेंटच्या खांद्यावर त्याने हात ठेवला नाही. शिवीही दिली नाही.

डोक्याचा टॉवेल सोडून त्याने पाय स्वतः पुसले. वहाणा घातल्या.

"पेटी कुठंय?"

...

पेटी पत्र्याची होती, निळ्या रंगाची, झाकणावर पांढऱ्या रंगाने दानिएलचं नाव घातलेलं. आत दोन सदरे, ताट-वाटी, रोजरीची माळ. क्लेमेंटने ती डोक्यावर घेतली. याकोब अंथरुणाची वळकटी काखेत धरून पुढे चालला. फाटकाशी पेटी खाली ठेवायची अशी रीत. याकोब तिथे थांबला नाही. क्लेमेंटही थांबला नाही. दोघं एसटीच्या फाट्यापर्यंत गेले.

क्लेमेंट परत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. फादरांनी चिंचा गोणपाटात बांधल्या होत्या आणि ते त्याची वाट बघत बसले होते.

तो समोर उभा राहिला. शर्ट घामाने भिजला होता, कपाळावर पेटीच्या कडेचा वळ उठला होता.

"फादर..."

"बोल."

"त्यांनी मला माफ केलं का?"

फादर मकासऱ्यांनी फाटकापलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"ते मला माहीत नाही, बाळ. त्याने पाय पुढे केला, तेवढं मी पाहिलं."