सानुलीचे छत्र

एका राज्यात, डोंगराआड, एक ओली गर्द दरी होती. तिथले महावृक्ष इतके उंच, की ऊन खाली यायला निघे आणि पानापानांत अडकून राही. त्या सावलीत, शेवाळल्या खडकांमध्ये, सानुली नावाचे झाड वाढे. उंची माणसाच्या कमरेएवढी, पण फुले थेट खोडातून फुटत, अंगावर मोती जडवावेत तशी. साऱ्या पृथ्वीवर हे झाड दुसरीकडे कुठे नव्हते. म्हणून तिथे रीत होती : गादीवर बसणाऱ्याने आधी सानुलीपुढे मान लववायची, मगच मुकुट घालायचा. पाहुणे राजे हसत. प्रजा म्हणे, हसोत बापडे, त्यांच्याकडे आहे का सानुली?

राजकन्या कनकवतीलाही हाच अभिमान. तिचा पिता वज्रधर राजा मात्र त्या हसण्याने पोळला होता. "एवढ्याशा झुडपापुढे मी वाकलो, हे शल्य जात नाही," तो म्हणे. दरबारातल्या उंटावरच्या शहाण्यांनी सल्ला दिला, वरचे वृक्ष तोडा, ऊन मिळाले की झाड उंच होईल, मग वाकायला नको. राजा बोले, दल हाले. कुऱ्हाडी चालल्या. सानुलीवर जन्मात पहिल्यांदा भर ऊन पडले आणि तिची पाने करपून मिटली.

तोडलेल्या बुंध्यातून वनदेवी बोलली, "जी मान लवायला लाजली, ती लाकडाची होईल. झाड सुकेल तसा तूही सुकशील."

राजाची मान तिथेच लाकडाची झाली. दिवस कलला तसे खांदेही झाले. लाकूड काळजाला भिडले की राजा संपणार, हे सांगायला वैद्याची गरज नव्हती. कनकवतीला रडू आले, त्याहून जास्त राग आला. पण हातावर हात ठेवून बसणे तिला ठाऊक नव्हते. ती पायीच दरीत उतरली.

कडेला एकच महावृक्ष वाचला होता. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंडी उबवायला बसली होती; ढोलीचे तोंड मातीने लिंपलेले होते आणि उरलेल्या फटीतून धनेश तिला फळे भरवीत होता.

"पक्षिराज, मला पित्याला वाचवायचे आहे."

"मग झाडाला वाचव. ऊन न पाहिलेले पाणी आण. पाय न लागलेली माती आण. आणि झाडाची नसलेली सावली आण."

असे पाणी दरीतल्या एका गुहेत होते आणि त्यावर नागाचा पहारा होता.

"राजांची मुले मागत नाहीत, घेतात," नाग म्हणाला.

"सानुलीसाठी मागते आहे. त्यात मला कमीपणा नाही."

नागाने वाट दिली. तिने कलश भरला आणि पदराखाली झाकून आणला.

माती धनेशाच्या ढोलीतच होती, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पानांची कुजून झालेली. कनकवती वर चढली. गुडघे सोलले, जळवा चिकटल्या. आतून मादीने विचारले, "पडलीस तर?"

"तर सानुलीपाशीच पडेन."

फटीतून मूठमूठ माती बाहेर आली.

माती घातली, पाणी घातले. एक पान उघडले आणि उन्हाने पुन्हा मिटले. तिने आपला शेला धरला, तो झिरझिरीत. ढगाला हाक मारली. ढग म्हणाला, "मी कुणाच्या डोक्यावर थांबत नाही," आणि निघून गेला. जी सावली एकाच डोक्यावर दिवसभर थांबते, ती राज्यात एकच होती. हे ध्यानात येताच कनकवती तडक दरबारात गेली.

राजा सिंहासनावर होता. बरगड्यांपर्यंत लाकूड चढले होते. माथ्यावर शुभ्र राजछत्र होते.

"महाराज, छत्र द्यावे."

"छत्र उतरले की राजा उरत नाही," प्रधान म्हणाला.

"सानुलीचे छत्र आपणच तोडले. तात, हे तिथे तुम्ही स्वतः न्या." भर दरबारात तिने त्याला तात म्हणून कधी हाक मारली नव्हती.

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, या राजाजवळ असे झाड आहे की त्याला राजछत्र शोभते."

राजाचे डोळे भरून आले. पालखीतून त्याला दरीत नेले. अर्धवट लाकूड झालेल्या हातांनी त्याने छत्र धरले, पण दांडा जमिनीत रोवायचा तर वाकणे आले. मान कटकट वाजली. राजा वाकला, राज्याभिषेकाला वाकला होता त्याहून खाली. अंगावरचे लाकूड सालीसारखे गळून पडले आणि छत्राच्या सावलीत सानुलीची पाने एकेक करून उघडली.

महावृक्षांची रोपे पुन्हा लावली गेली. पण महावृक्ष वाढायला पिढ्या जातात, तोवर छत्र दरीतच राहिले. पुढे कनकवती गादीवर आली. भर दुपारी उघड्या चौकात दरबार भरला असता एका पाहुण्या राजाने मिशीत हसत विचारले, "राणीसाहेब, आपल्या माथ्यावर छत्र दिसत नाही?"

कनकवतीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिने तो पुसला नाही.

"आमचे छत्र कामावर आहे," ती म्हणाली.