हातांवर बसणारे सर

एकदा काय झालं, वैमानिक घडवणाऱ्या एका शाळेत एक म्हातारे कॅप्टन शिकवायचे. फणसळकर सर. निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलेलं, केस पांढरेशुभ्र आणि दरारा असा, की पन्नाशीचे कॅप्टनसुद्धा त्यांच्या खोलीत शिरण्याआधी शर्टाची बटणं चाचपून बघायचे. का नाही बघणार? सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले!

या शाळेत सिम्युलेटर होता, म्हणजे जमिनीवर उभं केलेलं खोटं विमान. सगळे त्याला नुसतं सिम म्हणत. आत बसलं की अगदी खरं वाटतं. घाम फुटतो. पण समजा आपटलं, तर काय होतं? पडदा लाल होतो, सर चहा मागवतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आता सरांची एक सवय. शिष्य चुकायला लागला, की ते आपले दोन्ही हात मांडीखाली घालायचे आणि चक्क त्यांच्यावर बसायचे. चूक दिसली की शिकवणाऱ्याचे हात शिवशिवतात ना! आणि हात मदतीला गेला, की शिष्याचं शिकणं तिथंच संपलं. म्हणून हातच दाबून टाकायचे. आपटतोय? आपटू दे.

ऋजुता तांबट ही त्यांची सगळ्यात लाडकी शिष्या. तिला सरांनी सिममध्ये एकाच धावपट्टीवर तेरा वेळा आपटू दिलं होतं. तेरा! चौदाव्या वेळी जमलं ते असं जमलं, की बास. पुढे ती काही वर्षं सहवैमानिक म्हणून उडाली, मग विमान कंपनीने तिला सिमवरच शिकवायला घेतलं. सहा वर्षं शिकवलं. आणि तीही हातांवर बसायला लागली. पोरं म्हणायची, "तांबट मॅडम म्हणजे सरांची झेरॉक्स!" तिला ते ऐकून इतकं भारी वाटायचं, की काही विचारू नका.

मग एक दिवस कंपनीत वाद पेटला. या शिकवणाऱ्या मंडळींना कॅप्टन म्हणून खरं विमान द्यायचं का? एक बाजू म्हणे, "काठावर उभं राहून पोहायला शिकवणारी माणसं ही, यांना पाण्यात कशाला ढकलता?" दुसरी बाजू म्हणे, "वा रे वा! ज्यांनी कॅप्टन घडवले त्यांनाच कॅप्टन होता येत नाही?" शेवटी ठरलं, आधी एकट्या ऋजुताला बसवून बघायचं. कॉकपिटमध्ये दोन्ही वैमानिकांच्या मागे असलेल्या घडीच्या सीटवर फणसळकर सर बसणार, दहा उड्डाणं बघणार, आणि दहाव्यानंतर त्यांची सही झाली तर ती कॅप्टन. नाही झाली तर ती परत सिमवर, आणि तिच्या मागे रांगेत असलेले सहा शिक्षकही परत सिमवर.

नऊ उड्डाणं काय सुंदर झाली! दहावं होतं नागपूरचं. मे महिना, दुपार, खालून तापलेली हवा विमानाला नुसती धक्के देत होती. या खेपेला विमान मल्हार डोईफोडे नावाचा सहवैमानिक चालवत होता. असं दोघांत आलटून पालटून चालतं, जबाबदारी मात्र कॅप्टनची.

नियम साधा आहे. जमिनीपासून हजार फुटांवर येईपर्यंत विमानाचा वेग, उतार, सगळं जागेवर बसलेलं पाहिजे. नाही बसलं तर उतरायचं नाही. वर जायचं, फेरी मारून पुन्हा यायचं.

मल्हार वेग कमी करायला उशीर करतोय, हे ऋजुताला तब्बल दोन मिनिटं आधी दिसलं. तिच्या मनात आलं, कळेल त्याला. आत्ता कळेल. तिच्या वाट्याची दोन बटणं दाबायची होती ती तिने दाबली, आणि हात नकळत मांडीखाली गेले.

बाराशे फूट. अकराशे. हजार. वेग जास्तच.

"वर चल," ती शांतपणे म्हणाली.

विमान पुन्हा वर गेलं, फेरी मारून आलं आणि कापसासारखं उतरलं. नियमाला धक्का नाही, विमानाला ओरखडा नाही. ऋजुता हसत मागे वळली. सरांनी फाइल मिटून बॅगेत टाकली होती.

"सर, सही?"

"परतीच्या फेरीला मी पुढे बसतो. तू मागे ये."

बस्स. एवढंच! ऋजुताचा चेहरा पार उतरला. सहा जणांचे फोन येणार होते आणि तिला काय चुकलं तेच कळत नव्हतं.

परतीला कॅप्टनच्या जागी सर. "मल्हार, विमान तूच चालव," ते म्हणाले. उतरायची वेळ आली आणि या पठ्ठ्याने परत तेच केलं. ऋजुता मागून बघत होती. आता सर हातांवर बसणार, तिला खात्रीच होती.

"मल्हार, वेग," सर लगेच म्हणाले.

"हो सर, करतोच."

"माझ्याकडे."

सरांनी विमान ताब्यात घेतलंसुद्धा! वेग आणला, उतार बसवला. अर्ध्या मिनिटात, "घे परत." मल्हारने विमान व्यवस्थित उतरवलं, पण कान लालेलाल.

खाली आल्यावर सर त्याला कॅन्टीनमध्ये घेऊन गेले. कागदी रुमालावर विमान काढलं, उताराची रेघ काढली. "आता सांग, वेग कुठे कमी करायला हवा होता?" मल्हारने चुकीच्या जागी बोट ठेवलं. सर गप्प. दुसऱ्या चुकीच्या जागी. सर गप्प. पाऊण तास! शेवटी त्याने बरोबर जागा दाखवली तेव्हा म्हणाले, "शाब्बास. जा, जेव आता."

मल्हार गेला आणि ऋजुताचा बांध फुटला. "सर, हे काय? मला तेरा वेळा आपटू दिलंत तुम्ही! आणि याला तुम्ही पुरतं चुकूही दिलं नाहीत?"

सर हसले. "नागपूरला तू वर गेलीस, ते शंभर टक्के बरोबर. तिथे वर न जाणारा मला कॅप्टन म्हणून नकोच. पण अगं, त्याआधीची दोन मिनिटं तू काय करत होतीस?"

"त्याला संधी देत होते."

"कोणाच्या जिवावर?"

ती कागदी रुमालावरच्या विमानाकडे बघायला लागली.

"उतरल्यावर मी मागे गेलो, तर सतराव्या रांगेत एक काका होते. विमान परत वर गेल्यावर इतके घाबरले, की उतरताना पट्टाच सुटेना त्यांना. शेवटी मी सोडवून दिला. ते काका गावाला निघाले होते ऋजुता, मल्हारच्या तासाला बसले नव्हते. चूक ही वर्गात पिकू द्यायची असते. विमानात ती कोवळी असतानाच खुडायची. शिकवणं पळून जात नाही, खाली कॅन्टीन आहे की!"

"म्हणजे ते लोक म्हणतात तेच खरं? शिक्षकांनी कॅप्टन होऊ नये?"

"छे! मल्हारची चूक तुला दोन मिनिटं आधी दिसली. मोठमोठ्या कॅप्टनना दिसत नाही. तो डोळा शिकवून शिकवूनच येतो, विकत मिळत नाही. तुमच्यासारख्यांना पुढे बसवलंच पाहिजे. फक्त डोळा शिक्षकाचा आणा, हात कॅप्टनचे आणा." मग जरा थांबून म्हणाले, "हातांवर बसायचं मीच शिकवलं तुला. उठायचं कधी, ते सांगायचं राहिलं. ती चूक माझी. उद्या अकरावं उड्डाण कर."

दुसऱ्या दिवशी पुन्हा नागपूर, तीच तापलेली हवा, शेजारी मल्हार. वेग त्याने या खेपेला अगदी वेळेवर आणला. पण शेवटच्या वळणावर विमान जरासं, अगदी जरासं, रेषेबाहेर सरकायला लागलं. ऋजुताचे हात सवयीने मांडीकडे निघाले. अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं. तिने ते उचलले आणि गुडघ्यांवर उघडे ठेवले.

"मल्हार, डावीकडे सरकतोयस."

"हो मॅडम." आणि त्याने लगेच सावरलं.

हजार फूट. सगळं जागच्या जागी. विमान उतरलं, थांबलं. मागे लोक आळस देत उठले, बॅगा काढायला लागले. कोणाला काही कळलंसुद्धा नाही.

ऋजुता मागे वळली. सर ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीखाली.

"सर, कधीपासून?"

"विमान उडालं तेव्हापासून," सर म्हणाले आणि एक हात बाहेर काढून बोटं झटकायला लागले. "जरा थांब गं, मुंग्या आल्यात. सही वाकडी येईल."