सोळा हातांचा दोर

परवा माझी सात वर्षांची शाल्मली शाळेत मनवाला चावली. मनवा म्हणजे तिची जिवाची मैत्रीण. ती एवढंच म्हणाली होती, की आपल्या पेठेचा फुटबॉल संघ लबाडी करून जिंकला, दुसऱ्याच्या नावावर भलताच खेळाडू उतरवला, असं तिचे बाबा म्हणतात. त्यावर दंडाला चावा. दातांचे ठसे उमटलेले. शहाण्या आईनं अशा वेळी विचारलं असतं, "चावलीस का गं?" मी विचारलं, "मनवा असं म्हणालीच कशी?" आणि तेवढ्यावर न थांबता मनवाच्या आईला फोन करून वर सुनावलं, "तुमच्या मुलीला जरा जीभ आवरायला शिकवा."

मग मला झोप लागेना. ही चावायला कुठून शिकली, या काळजीनं डोळ्याला डोळा नाही, आणि उत्तर तर माझ्याच अंथरुणात पडलेलं. मुलं कशी वाढवावीत यावरची तीन पुस्तकं माझ्या उशाशी असतात. त्यांत यावर काही नाही. शेवटी आज सकाळी तिची वेणी घालता घालता मी तिला ही गोष्ट सांगितली. रागात सांगितली, त्यामुळे ती रागीटच झाली आहे. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी जरा बसूनच ऐकावी.

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गावांना नावंही पडली नव्हती. एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती, अलीकडचं आणि पलीकडचं. पलीकडचे लोकही स्वतःला अलीकडचेच म्हणत, पण गोष्ट आपण या काठावरून सांगतोय.

सुगी संपली की नदी आटायची. वाळवंट उघडं पडायचं आणि मधून घोटाभर पाण्याची एक धार तेवढी उरायची. त्या वाळवंटात दोन्ही गावांचा सामना व्हायचा. चामड्याचा चेंडू, आत सावरीचा कापूस. चेंडू पायानं मारायचा. दोन्ही काठांना दोन-दोन खांब रोवून एकेक वेस करायची, आणि समोरच्याच्या वेशीतून चेंडू पार करायचा. आपली वेस आपण राखायची.

दोन्ही वेशी सारख्या हव्यात, म्हणून मापाला अंबाडीचा एकच दोर होता. सोळा हातांचा. रिवाज असा, की मागच्या वर्षी जिंकलेल्या गावाच्या म्होरक्यानं सामन्याच्या सकाळी तो दोर घेऊन आधी समोरची वेस मोजायची, मग धार ओलांडून आपली. आणि सामन्यानंतर महिन्याभरानं त्याच दोरानं गावची मळई वाटली जायची. मळई म्हणजे पूर ओसरल्यावर काठाला उरते ती गाळाची जमीन. घरटी एक पट्टा, दोराएवढा रुंद. त्यावर लोक कलिंगडं आणि काकड्या लावायचे, आणि पावसाळ्यापर्यंत त्यावरच जगायचे.

अलीकडचं गाव सात वर्षं ओळीनं जिंकलं होतं. चावडीवर सात निशाणं फडकत होती. बाळ जन्मलं तर आधी त्याचे पाय बघायचे, नाक-डोळे नंतर. आजारी माणूस सामन्याच्या दिवशी उठून बसायचा.

या गावात चिमा नावाची बाई दोर वळायची. विहिरीचे, बैलांचे, पाळण्याचे, सगळे दोर तिच्या हातचे. मापाचा दोरही तिनंच वळलेला. संघाचा म्होरक्या हैबती हा तिचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर चिमानंच त्याला वाढवला, चालायला शिकवला. पहिला चेंडूसुद्धा तिनंच दोराच्या तुकड्यांचा वळून दिला होता. सामन्यात सगळ्यात मोठा आवाज तिचा. सात वर्षांत सात वेळा तिचा घसा बसला होता.

आठव्या वर्षी सामना झाला आणि अलीकडचे पुन्हा जिंकले. लोक नाचत वाळवंटात उतरले. तेवढ्यात पलीकडच्या गावचा वेस राखणारा गडी चालत या काठाला आला. लांब हातांचा, शांत माणूस. त्यानं वाकून अलीकडची वेस हातानं मोजली आणि उभा राहिला.

"आमची वेस सोळा हात भरते," तो म्हणाला. "तुमची पंधरा. आमचा चेंडू चार वेळा तुमच्या खांबावर आपटला. वेस पुरी असती, तर चारही आत होते."

"हरले की हात मोजतात!" कुणीतरी ओरडलं.

"हात कसले मोजतोस? पाय मोज, पाय! तिथंच कमी पडलात!"

लोक हसले. चिमाही हसली, हे मी लपवणार नाही. हसत हसतच ती वेशीशी गेली. दोर सकाळपासून खांबामागच्या सावलीत गुंडाळून पडला होता. तिनं तो उचलला, सवयीनं मुठीत दाबला, आणि तिच्या बोटांमधून पाणी ठिबकलं.

तिचं हसू तिथंच थांबलं.

"हैबती, दोर ओला आहे."

"येताना धारेत पडला, आक्का."

"पडला, की बुडवलास?"

"आक्का, तू गप बस."

चिमा गप बसली असती तर तिचं काही बिघडणार नव्हतं. घर होतं, धंदा होता, गावाच्या म्होरक्याची बहीण म्हणून मान होता. ती एका धोंड्यावर चढली आणि त्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "ऐका! अंबाडीचा दोर भिजला की हातभर आखडतो. हा मी वळलाय, मला ठाऊक आहे. दोन घटका उन्हात टाका आणि वेस पुन्हा मोजा. मी खोटी ठरले तर पलीकडच्यांनी आपली माफी मागावी. खरी ठरले तर सामना पुन्हा खेळू. आपली पोरं चांगली आहेत की! जिंकतील!"

दोन घटका. भात शिजून निवायला लागतो तेवढा वेळ. तेवढासुद्धा कुणी थांबलं नाही.

"दोर ओला नाहीच मुळी," कुंभार म्हणाला. "पोरांचा घाम आहे तो."

"ओला असेल, पण चुकून झाला असेल," पंतोजी म्हणाले.

"चुकून कशाला? मुद्दाम केला असेल!" तेलीण म्हणाली. "पण पलीकडचे तरी कुठले साधू लागून गेलेत?"

"आणि केला तर बरं केलं," वैद्य म्हणाले. "आपल्यासाठीच केलं ना पोरानं?"

बघा, सावली वीतभर सरकायच्या आत गावानं चार उत्तरं दिली. घाम म्हणणारा आणि बरं केलं म्हणणारा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते, आणि त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मग मागून कुणी तरी आरोळी ठोकली, "दोर तो दोर! ओला काय, सुका काय!" आणि सगळ्या गावानं ती उचलली. पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळे टाळ्या वाजवत ओरडायला लागले, "दोर तो दोर! ओला काय, सुका काय!"

गावचा कारभारी एका बाजूला उभा होता. तो ओरडला नाही. त्यानं फक्त नीट ऐकून घेतलं.

पलीकडचे लोक निघून गेले. राग उरला होता, तो चिमावर आला. "फितूर!" "पलीकडच्यांनी काय दिलं गं तुला?" "सख्ख्या भावाची झाली नाही, ती गावाची काय होणार!" तिच्या अंगणातल्या दोर ताणायच्या खुंट्या उपटून टाकल्या. भिजत घातलेली अंबाडी चिखलात ओतली. विहिरीवर ती आली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. ज्या दोरानं त्या पाणी शेंदत होत्या तो तिनंच वळलेला होता, पण असं कुणाच्या लक्षात येत नसतं. कुणी दगड मारला, कुणी दारावर शेण फेकलं. त्यात दोन घटकांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ गेला.

हैबतीनं हे सगळं पाहिलं. पाहिलं आणि मान फिरवली.

आठव्या दिवशी चिमानं वळायची चरखी पाठीला बांधली आणि धार ओलांडून ती पलीकडे गेली. निरोप द्यायला कुणी आलं नाही.

महिना झाला. मळई वाटायचा दिवस आला. गावात चाळीस घरं. कारभारी दोर घेऊन आला आणि पहिला पट्टा मोजायच्या आधी त्यानं दोर सगळ्यांदेखत धारेत बुडवला. चांगला बुडवला, आणि पिळलासुद्धा नाही. मग मोजत सुटला. प्रत्येक पट्टा हातभर कमी. चाळीस पट्टे झाल्यावर टोकाला अडीच पट्टे जमीन उरली. तिच्याभोवती त्यानं आपल्या नावाचे खुंट ठोकले.

"कारभारी!" कुंभार ओरडला. "दोर ओला आहे!"

"मग?"

"ओला दोर आखडतो! आमचा हात-हात गेला!"

"कोण म्हणतं आखडतो?" कारभारी म्हणाला. "महिन्याभरापूर्वी तुम्ही इथंच उभे होतात. सगळं गाव एका सुरात काय म्हणत होतं? म्हणा की पुन्हा. मला फार आवडलं होतं."



हैबतीच्या घरी खाणारी नऊ माणसं होती. तो तडक धार ओलांडून पलीकडे गेला. चिमा नव्या अंगणात दोर वळत होती.

"आक्का, चल. तू सांग त्यांना दोराचं."

"सांगितलं होतं."

"पुन्हा सांग."

तिनं हातातला पीळ सोडला नाही. "हैबती, आठही वर्षं दोर भिजवलास?"

"शेवटची चार," तो म्हणाला. "पहिली चार आपण खरंच जिंकलो होतो, आक्का."

"आणि आता ती चार कुणाला पटतील?"

हैबती रडला. चिमा उठली आणि त्याच्याबरोबर आली. ती आली कशी, याचं मला अजून नवल वाटतं. मी गेले नसते. ती मळईत उभी राहिली आणि तेच शब्द बोलली. अंबाडीचा दोर भिजला की हातभर आखडतो. उन्हात टाका, पुन्हा मोजा.

कारभारी हसला. "साक्षीला कोण, तर चिमा? जिला तुम्ही फितूर म्हणून हाकलली, ती? का आज ती एकदम खरी झाली?" मग तो चावडीकडे वळला. तिथं आता आठ निशाणं होती. "हरकत नाही. ओल्या दोराचं माप खोटं, असं गावानं म्हणावं. मी आत्ता दोर वाळत घालतो आणि जमीन पुन्हा मोजतो. पण मग ओल्या दोराची निशाणंही उतरवावी लागतील. बोला. काय करायचं?"

लोकांनी जमिनीकडे बघितलं. लोकांनी निशाणांकडे बघितलं.

"उतरवा," हैबती म्हणाला. "दोर मीच बुड..."

"हैबती, तू गप बस!" सगळं गाव एकदम ओरडलं.

आणि ते घरी गेले. खरंच गेले. कुंभार, पंतोजी, तेलीण, वैद्य, चाळीस घरं आपापला आखडलेला पट्टा घेऊन, मान वर करून. मला या जागी दर वेळी कुणाला तरी गदागदा हलवावंसं वाटतं.

हैबती त्या संध्याकाळी घरच्यांना घेऊन बहिणीबरोबर धार ओलांडून गेला. त्या वर्षी अलीकडे कलिंगडं पुरली नाहीत. पुढच्या वर्षी सामन्याला पलीकडचं कुणी आलं नाही. अलीकडचा संघ एकटाच वाळवंटात उभा राहिला, चेंडू एकदा रिकाम्या वेशीतून मारला आणि नववं निशाण लावलं. चिमाचे जुने दोर एकेक करून तुटले. मळई मात्र दर वर्षी वेळेवर मोजली जायची, ओल्या दोरानं, आणि तोंड उघडायची सोय कुणालाच उरली नव्हती.

बोध एवढाच: आपल्या माणसाची लबाडी जो पाठीशी घालतो, तो उद्या स्वतःवर होणाऱ्या लबाडीला आजच होकार देऊन बसतो.

शाल्मलीची वेणी घालून झाली होती. रिबिनीची गाठ मारली आणि वाट बघत राहिले. मला वाटलं, आता शाल्मली म्हणेल, मी मनवाची माफी मागते. पुस्तकांत मुलं असंच म्हणतात.

तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं.

"आई, मी तर कालच मनवाला सॉरी म्हटलं. माझा डबा पण दिला तिला," ती म्हणाली. "तू तिच्या आईला फोन कधी करणार?"